तळघरातला रविवार

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवर एक अरुंद दार आहे. आत शिरून पंधरा पायऱ्या उतरल्या की ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ लागतं. पाचरीच्या आकाराचं तळघर, बुटकं छत, निमुळत्या टोकाला छोटंसं स्टेज आणि त्यामागे लाल पडदा. शेसव्वाशे माणसं बसली की जागा संपली. लिथुआनियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थाने १९३५ मध्ये तिथे क्लब थाटला. सुरुवातीला तिथे कवी कविता म्हणत, विनोदवीर लोकांना हसवत. जॅझचं ते कायमचं ठाणं झालं १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. २५ जून १९६१ रोजी, रविवारी, या तळघरात बिल इव्हान्सने पियानो, स्कॉट लफारोने डबल बास आणि पॉल मोटियनने ड्रम्स वाजवले. दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशा पाच बैठकी झाल्या. त्यांचा दोन आठवड्यांचा मुक्काम त्या दिवशी संपत होता. रिव्हरसाइड या छोट्या कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज ध्वनिमुद्रणाचा सरंजाम घेऊन हजर होता. त्या दिवसातून आधी ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ही तबकडी निघाली आणि पुढच्या वर्षी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही दुसरी.

पुढची पानं या दोन तबकड्यांविषयी आहेत, आणि त्याहून अधिक त्यांच्यावर जीव लावून बसलेल्या श्रोत्यांविषयी. साठहून अधिक वर्षं झाली. दर पिढीत नवे लोक त्यांच्या नादी लागतात. त्यांतल्या पुष्कळांना एरवी जॅझचं विशेष प्रेम नसतं. ट्रम्पेट कानात घुसतो म्हणणारे, सॅक्सोफोनला वैतागणारे, पश्चिमेचं काहीही ऐकायला नाखूश असलेले लोकही या दोन तबकड्या घरात ठेवतात आणि पुन्हा पुन्हा लावतात. हे का होतं, असा प्रश्न विचारला की एक ठरावीक उत्तर मिळतं: फार शांत आहे हो ते. उत्तर खरं आहे, पण अर्धंच.

कारण ध्वनिमुद्रण म्हणून पाहिलं तर ते अजिबात शांत नाही. ग्लास किणकिणतात, कुणी मोठ्याने हसतं, टेबलांवर गप्पा चाललेल्या असतात आणि त्या धुनीच्या हळव्यात हळव्या वळणावरही थांबत नाहीत. टाळ्या पडतात, पण तुरळक. पुष्कळदा शिष्टाचार म्हणून वाजवल्यासारख्या. रविवारची दुपार आहे, माणसं प्यायला आणि बोलायला आली आहेत, कोपऱ्यात तिघेजण काहीतरी वाजवताहेत. त्या खोलीत काय घडतंय याचा बहुतेकांना पत्ता नाही. आणि वादकांनाही त्याचं काही वाटत असावं असं वाजवण्यावरून जाणवत नाही. इव्हान्स पियानोवर इतका वाकून बसे की चेहरा जवळजवळ पट्ट्यांना टेकायचा. लोकांचं लक्ष वेधायला आवाज चढवणं, लय वाढवणं, टाळीची जागा काढणं यांतलं तो काही करत नाही.

माझ्या मते श्रोत्यांच्या प्रेमाचं मूळ इथे आहे. हे वादन आपल्यासाठी केलेलं नाही, आणि त्या दिवशी समोर बसलेल्यांसाठीही नाही. तिघं एकमेकांसाठी वाजवताहेत आणि आपल्या कानांवर ते पडतं आहे. ऐकवलं जाणं आणि कानावर पडणं यात फार अंतर असतं. जे ऐकवलं जातं त्याला दाद द्यावी लागते. जे नुसतं कानावर पडतं त्याच्यापाशी कितीही वेळ काही न देता बसता येतं. शिवाय एक सूक्ष्म खुशामतही आहे यात, ती कबूल करायला हरकत नाही: त्या खोलीतल्या कुणीही जे ऐकलं नाही ते आपण ऐकतो आहोत, असं ही तबकडी प्रत्येक श्रोत्याला वाटायला लावते.

आता त्या तिघांच्या वाजवण्याविषयी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण जवळिकीची भावना नुसत्या वातावरणातून येत नाही. ती वाजवण्याच्या पद्धतीतच आहे.

त्या काळापर्यंत पियानो-बास-ड्रम्स या त्रिकुटात कामाची वाटणी ठरलेली असे. पियानो पुढे, बाकीचे दोघे मागे. बासवाला दर मात्रेला एक सूर देत पायाखालची जमीन धरून ठेवायचा. ड्रम्सवाला झांजेवर ठेका चालू ठेवायचा. पियानोवाल्याची उपज झाली की क्वचित बासला चार आवर्तनं मिळत, ड्रम्सला दोन, की पुन्हा मूळ धून. इव्हान्सला ही वाटणी मोडायची होती. १९५८ मध्ये तो माइल्स डेव्हिसच्या संचात होता, पुढच्या वर्षी ‘काइंड ऑफ ब्लू’च्या मुद्रणात त्याने पियानो वाजवला, आणि लगेच आपलं त्रिकूट बांधलं. त्याच्या डाव्या हाताने एक साधी पण दूरगामी गोष्ट केली होती: स्वरसमूहातला मूळ स्वर तो पुष्कळदा वाजवायचाच नाही. तो स्वर बासने द्यावा, नाहीतर श्रोत्याने मनात धरावा. एवढ्याने पियानोचा आवाज हलका झाला, खालची पट्टी रिकामी झाली आणि बासला बोलायला जागा मिळाली.

ती जागा घ्यायला लफारोसारखा माणूस हवा होता. तो मुळात क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा. बास हातात घेतला तो अठराव्या वर्षी. त्या रविवारी तो पंचवीस वर्षांचा होता, म्हणजे सात वर्षांची मेहनत. त्याने बासची घोडी खाली बसवून तारा पट्टीच्या जवळ आणल्या होत्या. त्यामुळे आवाजाचा दणका कमी झाला पण बोटं पळू लागली. गिटारवर जशा ताना निघाव्यात तशा तो या अवजड वाद्यावर काढतो. पियानो एक वाक्य बोलतो, बास ते पुरं व्हायच्या आत उत्तर देतो, कधी मध्येच तोडतो, कधी नुसता हुंकार भरतो. ठेका धरायचं काम तो सोडून देतो. मोटियनही सोडतो. ब्रश झांजेवर फिरत राहतात, पण मात्रा मोजून दाखवत नाहीत. लय कुठे आहे असं बोट ठेवून सांगता येत नाही, तरी तिघांपैकी कुणी कधी चुकत नाही, कारण ती तिघांच्याही आत चालू आहे.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या तबकडीची सुरुवात ‘माय फूलिश हार्ट’ने होते. मूळ गाणं १९४९च्या एका हॉलिवूडपटातलं, व्हिक्टर यंगने बांधलेलं. भाबडं म्हणावं असं प्रेमगीत. जेमतेम पाच मिनिटांच्या या वादनात इव्हान्स उपज अशी फारशी करतच नाही. मूळ चालच सांगतो, पण इतकी सावकाश की दोन स्वरांच्या मधली जागा हाच विषय होऊन बसतो. लफारो, जो एरवी बोलायला थांबत नाही, इथे मोजके खोल स्वर देतो. मोटियन झांजेवर ब्रशने जे करतो त्याला वाजवणं म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यात काही होतच नाही असं वाटू शकतं. दहाव्यांदा ऐकणाराही तेच म्हणेल, फक्त खूश होऊन.

त्यानंतर लगेच ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही धून. डेबी म्हणजे इव्हान्सच्या भावाची मुलगी. ही धून त्याने तिच्या लहानपणी केली आणि १९५६ मध्ये मुद्रित झालेल्या आपल्या पहिल्या तबकडीत एकट्याने, अगदी त्रोटक वाजवली होती. व्हॅनगार्डमध्ये ती सुरू होते पियानो आणि बास या दोघांनीच, तीन मात्रांच्या चालीत, लहान मुलीने गिरक्या घ्याव्यात तशी. मग मोटियन ब्रश घेऊन येतो, चाल चार मात्रांची होते आणि ती मुलगी बघता बघता मोठी होऊन जाते. मला स्वतःला हा बदल या सगळ्या पाच बैठकींतला सगळ्यात सुंदर क्षण वाटतो. तज्ज्ञ मंडळी ‘माय मॅन्स गॉन नाऊ’ किंवा ‘सोलर’कडे बोट दाखवतील. त्यांचंही खरं आहे. तिघांचा संवाद तिथे जास्त गुंतागुंतीचा आहे. पण माणूस प्रेमात पडतो तो गुंतागुंतीच्या नव्हे.

‘सम अदर टाइम’चंही नाव घ्यायला हवं. लेनर्ड बर्नस्टाइनने १९४४च्या ‘ऑन द टाउन’ या संगीतिकेसाठी केलेलं हे गाणं. त्याच्या सुरुवातीला डाव्या हाताने दोनच स्वरसमूह आळीपाळीने डोलत राहतात. इव्हान्सने १९५८ मध्ये याच डोलण्यावर ‘पीस पीस’ ही एकल रचना उभी केली होती आणि ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘फ्लॅमेंको स्केचेस’चा आरंभही त्यावरच आहे. तीन वेगळ्या घरांना एकच उंबरा आहे हे कळल्यावर पुष्कळ श्रोते ती तिन्ही वादनं एका बैठकीत ऐकतात. तसं ऐकावं, पण ‘सम अदर टाइम’ शेवटी ठेवावं. तिथे लफारोचा बास आहे.

ध्वनिमुद्रणाचं तंत्र सांगायचं तर फारसं काही नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. डेव्ह जोन्स या मुद्रकाने क्लबातच यंत्र मांडून सगळं थेट दोन ट्रॅकवर घेतलं. म्हणजे तिन्ही वाद्यांचा तोल त्या क्षणी जो साधला तोच कायमचा. नंतर बास वर आणू, झांज खाली नेऊ, अशी सोय नाही. तळघर लहान, गाद्या-पडदे-माणसांनी भरलेलं, त्यामुळे घुमणारा आवाज जवळपास नाही. चर्चमध्ये किंवा मोठ्या सभागृहात मुद्रित केलेल्या संगीताला जो भव्यपणा येतो तो इथे औषधालाही सापडणार नाही. आवाज येतो तो हाताच्या अंतरावरून. सुरुवातीच्या ‘ग्लोरियाज स्टेप’च्या वेळी मध्येच वीज गेली आणि टेपवर त्या वादनात खळ पडला. ते तुटलेलं वादन मूळ तबकडीत अर्थातच नव्हतं. २००५ मध्ये दिवसभराचं सगळं मुद्रण क्रमाने तीन सीडींमध्ये आलं तेव्हा ते जसंच्या तसं ठेवलं गेलं. काही जणांना हा संग्राहकांचा हट्ट वाटतो. मला तो योग्य वाटतो.

उत्तम आवाजाच्या शौकिनांचा एक वेगळा पंथ आहे. स्टॉकहोमच्या ‘स्टॅम्पेन’ या क्लबात १९७६च्या डिसेंबरात मुद्रित झालेली ‘जॅझ ॲट द पॉनशॉप’ ही त्यांची आवडती तबकडी. नवे स्पीकर घेतले की ती लावायची, मागच्या टेबलावर ग्लास ठेवल्याचा आवाज नेमका कुठून आला ते पारखायचं. त्या पंथाचे लोक व्हॅनगार्डच्या तबकड्याही बाळगतात, पण व्हॅनगार्डवर प्रेम करणारे बहुतेक लोक त्या पंथातले नसतात. ते ग्लासचा आवाज पारखत नाहीत. हळूहळू त्यांना तो आवाज पाठ होतो, आणि एखाद्या धुनीत तो नेहमीच्या जागी येणार हे माहीत असल्याने कान त्याची वाट पाहतो. आपल्याकडे खासगी मैफलींच्या ध्वनिफिती ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कुमार गंधर्वांची किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांची एखादी घरगुती बैठक, कुणीतरी साध्या यंत्रावर उतरवून घेतलेली, मग एकाकडून दुसऱ्याकडे प्रत होत होत पोहोचलेली. तीत तबला लावल्याचे ठोके असतात, खोकला असतो, कुणाचं तरी नको तिथे ‘वाः’ असतं, आणि वर्षांनंतर तीच बंदिश दुसरीकडे ऐकताना त्या जागी ते ‘वाः’ आलं नाही की चुकल्यासारखं होतं. फरक एवढाच की आपल्या बैठकीतला श्रोता गाण्यात सामील असतो, त्याची दाद गाणाऱ्याला पुढे नेते. व्हॅनगार्डच्या त्या दुपारी ही देवघेव नव्हती. दाद द्यायची ती त्या तिघांनी एकमेकांना.

आणि आता ती गोष्ट, जी प्रत्येक श्रोत्याला कुणीतरी सांगितलेली असते. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलै १९६१च्या रात्री, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, तो जिथे वाढला त्या जिनीव्हा गावाजवळ, लफारोची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तो गेला. काहीच दिवस आधी न्यूपोर्टच्या महोत्सवात त्याने स्टॅन गेट्झबरोबर वाजवलं होतं. इव्हान्स उन्मळून पडला. कित्येक महिने त्याने लोकांसमोर वाजवलं नाही. पुढच्या वर्षी चक इझ्रेल्स या बासवादकाला घेऊन त्याने नवं त्रिकूट उभं केलं. पण पंचवीस जूनच्या टेपा आता एका संपलेल्या गोष्टीचा पुरावा झाल्या होत्या.

पहिल्या तबकडीची निवड या धक्क्यातून झाली. इव्हान्स आणि कीपन्यूज यांनी लफारो जास्तीत जास्त ऐकू येईल अशी वादनं निवडली. सुरुवातीला त्याची रचना ‘ग्लोरियाज स्टेप’, शेवटी त्याचीच ‘जेड व्हिजन्स’, नऊ मात्रांची, जवळजवळ प्रार्थनेसारखी. ही तबकडी म्हणजे मित्राने मित्राला वाहिलेली श्रद्धांजली आहे आणि तशीच ती ऐकली गेली. उरलेल्या टेपांतून ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ निघाली, आणि गंमत म्हणजे लोकांच्या जिवाला जास्त लागली ती हीच, मागे उरलेल्यांतून वेचलेली. श्रद्धांजलीचं ओझं तिच्यावर नाही. तिच्यात लफारो मेलेला नाही. तो रविवारी कामावर आलेला एक तरुण वादक आहे.

म्हणून या मृत्यूची कथा फार आळवू नये असं मला वाटतं. ती ठाऊक झाल्यावर ठाऊक नसल्यासारखं ऐकणं शक्य नाही, हे मान्य. पण पुष्कळ लेखन असं होतं की जणू काही त्या तिघांना पुढचं माहीत होतं आणि म्हणून ते इतकं जपून वाजवत होते. कुणालाच काही माहीत नव्हतं. मुक्कामाचा शेवटचा दिवस होता, एरवी मुद्रणाला सहजासहजी तयार न होणारा इव्हान्स या वेळी तयार झाला होता, आणि पाच बैठकींत तेरा धुनी वाजवायच्या होत्या, काही दोनदा, काही तीनदा. २००५चा संपूर्ण संच क्रमाने ऐकला की हे स्पष्ट होतं. ‘जेड व्हिजन्स’ शेवटच्या बैठकीत लागोपाठ दोनदा वाजवली आहे. पहिल्यांदा नीट बसली नाही असं वाटलं असणार, म्हणून पुन्हा. हे कामाच्या माणसाचं वागणं आहे, भविष्य जाणणाऱ्याचं नव्हे. दिवसाच्या सुरुवातीला हात किंचित आखडलेले, दुसऱ्या बैठकीपासून मोकळे; ‘ऑल ऑफ यू’ तीनदा आणि तिन्हींत वाट निराळी. मूळ दोन तबकड्यांत जी निवड झाली ती बहुतेक ठिकाणी अचूक होती हेही तेव्हाच कळतं. कीपन्यूजच्या कानाला त्याबद्दल मानलं पाहिजे. एकच तक्रार: ‘पोर्गी’ या धुनीचं वादन दोन्ही मूळ तबकड्यांत नाही. ते का वगळलं असेल ते मला आजही उमगत नाही.

पुढे रिव्हरसाइड कंपनी १९६४ मध्ये दिवाळखोरीत गेली. इव्हान्स १९८० मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, व्यसनांनी पोखरलेल्या शरीराने गेला. मोटियन २०११पर्यंत होता, आणि उतारवयात दौरे टाळून न्यूयॉर्कमध्येच, त्याच तळघरात, नेमाने वाजवत राहिला. मॅक्स गॉर्डननंतर त्याची पत्नी लॉरेन हिने २०१८ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत क्लब सांभाळला. तो अजून चालू आहे.

नव्या श्रोत्याला दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली: अंधार करून, हेडफोन लावून, विधीपूर्वक ऐकायची गरज नाही. हे संगीत जिथे वाजलं तिथे लोक पीत होते, बोलत होते. घरात भांडी वाजत असताना, कुणी फोनवर बोलत असताना लावलं तर ते बिघडत नाही. उलट त्या खोलीला आपली खोली जोडली जाते. आवाज मात्र फार वाढवू नये. वाढवला की बास फुगतो आणि इव्हान्सचा डावा हात त्याखाली दडपतो. सुरुवात ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ने करावी, मग ‘संडे’, आणि संपूर्ण संचाकडे यायला वर्ष लागलं तरी चालेल.

दुसरी: एवढं सगळं वाचून, ऐकून, तरीही काही वाटलं नाही तर संकोच करू नये. सगळ्यांनी एकाच गोष्टीवर प्रेम करावं असा नियम नाही, आणि या तबकड्यांचे काही भक्त तो असल्यासारखे वागतात. अशा श्रोत्याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, त्याच लाल पडद्यासमोर जॉन कोल्ट्रेनने वाजवलेलं ‘चेझिन द ट्रेन’ लावावं. सोळा मिनिटं एक सॅक्सोफोन श्वास न घेता ओरडतो आहे असं वाटेल. त्या वेळी एका समीक्षकाने कोल्ट्रेनच्या वादनाला जॅझविरोधी म्हटलं होतं. तिथे टेबलांवर कुणाला गप्पा मारता आल्या असतील असं वाटत नाही.